गॅस म्हणजे गॅसच की, ताई

दोन मे, शुक्रवार. हातातलं काम: पेडगावहून आलेल्या एका जुन्या गाडीच्या एसीतला गॅस बदलायचा. मुदत: उद्या सकाळ. प्रवासी: रेशमाच्या अळ्या.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला वेगळाच विषय दिला होता. 'स्त्री म्हणून या धंद्यात काय अडचणी आल्या' यावर लिहा म्हणाल्या. अडचण एकच आली. आमच्या गाळ्यांच्या रांगेत मुतारी होती आणि ती पुरुषांची होती. मी भांडून दुसरी बांधून घेतली. तो लेख इथं संपला. उरलेल्या पानांत मी त्या गाडीबद्दल लिहिते.

परभणीत वसमत रोडला माझं गाड्यांच्या एसीचं दुकान आहे. आयटीआयला शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या म्हणून मी फ्रिज-एसीच्या वर्गात नाव घातलं. त्यात बंड वगैरे काही नव्हतं. नवरा जिवंत आहे. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण बाई गॅरेजमध्ये दिसली की लोक तिला विधवा ठरवूनच बोलायला लागतात. नवीन गिऱ्हाईक आवाज बारीक करून विचारतं, "आणि तुमचे मालक?" मी सांगते, ते दुपारचे झोपतात. गिऱ्हाइकाची निराशा तोंडावर दिसते.

बाहेरच्या माणसाला धंदा समजावा म्हणून थोडं सांगते. एसी गारवा तयार करतो अशी सगळ्यांची समजूत असते. तो गारवा तयार करत नाही. गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालीच ती. डॅशबोर्डच्या मागं एक कूलिंग कॉइल असते, तिथं ओझं उचलायचं. गाडीच्या तोंडाशी एक जाळी असते, तिथं टाकायचं. कॉम्प्रेसर हा मुकादम, तो मागून ढकलतो. आणि हमाल म्हणजे गॅस. नळ्यांतून रात्रंदिवस तोच फिरतो, तोच परत येतो. तो संपत नसतो. 'गॅस संपला' असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा तो कुठून तरी पळालेला असतो, आणि पळायची वाट बुजवल्याशिवाय नवा भरला तर तोही पळतो. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगत असेन. तरी माणूस येतो आणि म्हणतो, "ताई, जरा गॅस मारा."

जुन्या गाड्यांत जो गॅस असायचा त्याला आम्ही बारा नंबर म्हणायचो. गुणी गॅस. वास नाही, जळत नाही, गार झकास करायचा. फक्त आभाळाला भोक पाडायचा, म्हणून तो बंद झाला. त्याच्या जागी एकशे चौतीस नंबर आला. आता अगदी नव्या गाड्यांत त्याच्याही पुढचा आलाय. बारा नंबर आता मिळत नाही. ज्यांच्याकडं तेवढ्या जुन्या गाड्या आहेत त्यांच्यापुढं दोन रस्ते: एसीचं बटण शोभेला ठेवायचं, नाहीतर गाडी नव्या गॅसवर आणायची. मराठवाड्यातल्या माणसानं तिसरा रस्ता शोधला. तिकडंच येते.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ आहेत. एकानं एसीचा पंखा अडकतो म्हणून गाडी आणली, तर दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलं लिंबू-मिरची पंख्यात गेलेलं. एकाचा एसी ठणठणीत होता, पण बायकोच्या बाजूची हवा बंद करून द्या म्हणाला, कारण ती फार गारठते. बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मी गारठत न्हाई. ह्यांना वाटतं मी झोपले की ह्यांचं ऐकायला कुणी ऱ्हात न्हाई." मी दोन्ही बाजू चालू ठेवल्या.

पण पेडगावच्या गाडीची सर कुणाला नाही.

गाडी लांबडी, पांढरी, एके काळी हैदराबादच्या कुणा डॉक्टरची. आता मागची सीट काढून तिथं लोखंडी मांडणी बसवलेली, मांडणीत थाळ्या ठेवायची सोय. गाडीबरोबर नवरा-बायको आले. मंगल आणि दिगंबरराव. मंगल माझ्याच वयाची, चुणचुणीत, बोलताना हात कमरेवर. तिचं पेडगावला चॉकी केंद्र आहे. म्हणजे रेशमाची अंडी आणायची, अळ्या बाहेर पडल्या की त्यांना कोवळा तुतीचा पाला बारीक चिरून घालायचा, दोनदा कात टाकेपर्यंत तान्ह्या बाळासारखं सांभाळायचं आणि मग शेतकऱ्यांच्या शेडला पोचवायचं. पुढचं मोठं करायचं काम शेतकऱ्याचं. मंगलच्या अळ्या गंगाखेडच्याही पलीकडं, पार राणीसावरगावपर्यंत जातात.

या अळीला आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा सोसत नाही. तिला पंचवीस-सव्वीस डिग्री लागते. धूर चालत नाही, अत्तर चालत नाही, डासांची अगरबत्ती लावली तर सगळा माल जातो. म्हणून ही एसीची गाडी.

"एसी व्हॅनसाठी अर्ज केलाय," मंगल म्हणाली. "तो कुठल्या तरी टेबलावर गार बसलाय. तवर हीच."

"अळ्यांना एसी हाय," दिगंबरराव म्हणाले. "आमाला घरी टेबलफॅन. त्यो बी मान हलवत न्हाई."

"अळ्या चार पैसे मिळवतेत," मंगल म्हणाली.

मी विचारलं, त्रास काय आहे.

"गार कमी करायलाय," दिगंबरराव म्हणाले. "जरा गॅस मारा म्हंजे झालं."

"ताई, मी सांगते नीट," मंगलनं त्यांना बाजूला केलं. "मागच्या खेपेला राणीसावरगावला माल गेला. वरच्या थाळ्या चांगल्या, खालच्या दोन ओळीतल्या अळ्या मलूल. पाल्यावर चढंनात. निम्म्या मेल्या. त्या गावानं सांगितलंय, अजून एकदा असं झालं तर आमी दुसऱ्या जिल्ह्यातून माल आणू. त्यांनी सोडलं की वाटंवरची बाकीची गावं बी सोडतेत. उद्याची खेप त्यांचीच हाय. अळ्या काल रात्रीपासून कातीला बसल्यात, उद्या सकाळी उठतेन. उठल्या की पाला मागतेन. त्याच्या आत त्या तिथं पायजेत. मला थांबता येत न्हाई, ताई. अळ्याला सुट्टी कळत न्हाई."

असं होतं एकूण. उद्याची खेप नीट पोचली तर केंद्र चालू, नाहीतर मंगलचं नाव गेलं.

बॉनेट उघडलं. गॅस भरायची तोंडं जुन्या पद्धतीची, म्हणजे गाडी बारा नंबरची आणि कधीच बदललेली नाही. तरी आत गॅस होता. मी विचारलं, बारा नंबर तुम्हाला कुठं मिळाला?

"गावातच," दिगंबरराव म्हणाले. "फ्रिजवाला हाय एक. हुशार हाय लय. चार-पाच डाव भरला त्यानं."

गॅसचा दाब मोजायचं मीटर लावण्याआधी मी तोंडाची पिन बोटानं जराशी दाबली. फुस्स झालं आणि वास आला. हा वास मी रोज सकाळी घेते, पण दुकानात नाही, ओट्यापाशी.

मंगलनंही नाक वर केलं. "गॅस चालू ऱ्हायला की कुणाचा तरी," ती म्हणाली आणि इकडंतिकडं बघायला लागली.

मी दिगंबररावांकडं बघितलं. ते बॉनेटवर वाकून उभे होते आणि त्यांच्या ओठांत पेटलेली बिडी होती. मी हात पुढं केला. बिडी त्यांच्या तोंडातून काढली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. ते म्हणाले, "अर्धी बी झाली नव्हती, ताई."

मी विचारलं, त्या हुशार माणसानं गॅस आणला कुठून?

दिगंबरराव गाडीच्या टायरकडं बघायला लागले. परीक्षेला बसलेला माणूस जसा छताकडं बघतो तसं.

"आवं, विचारायल्यात त्या," मंगल म्हणाली.

"घरातूनच. त्यो म्हनला बारा नंबर आता येत न्हाई, पर घरचा सिलिंडर चालतोय. मी म्हनलं चालू दे. गॅस म्हंजे गॅसच की, ताई. त्यो बी थंडच असतोय. सिलिंडरला हात लावून बघा."

 मंगलनं कमरेवरचे हात खाली घेतले. मला वाटलं आता गाडीला आग लागायची ती बिडीशिवायच लागणार.

"सिलिंडर आठ-आठ दिवस आधी संपायला लागला," ती माझ्याकडं बघून, शांतपणे म्हणाली. "मला वाटलं जाऊबाई तिच्या भावाला चहा करून पाजायली. उन्हाळा लागल्यापासून मी तिच्याशी बोलत न्हाई. तिला मी सगळ्यांसमोर म्हनलं, तुझ्या माहेराला पाइपलाइन टाक. आन् ह्ये माणूस जेवताना म्हनायला, जाऊ दे, घरचीच हाय ती."

"मी समजूत घालायलो व्हतो," दिगंबरराव म्हणाले.

आता गंमत अशी की दिगंबररावांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. स्वयंपाकाचा गॅस जुन्या एसीत चालतो. चांगला चालतो. जुन्या तेलाशी त्याचं जमतं, गार भरपूर करतो, तक्रार करत नाही. म्हणूनच तर गावोगाव हा उद्योग चालतो. अडचण एवढीच की तो पेटतो. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागं, म्हणजे माणूस बसतो त्याच खोलीत असते. काचा बंद, आत गॅस हळूहळू पाझरतोय आणि ड्रायव्हरच्या ओठांत बिडी. ही माणसं अजून जिवंत होती यात एसीवाल्यापेक्षा कुलदैवताचा वाटा मोठा होता.

मी साबणाचा फेस घेऊन कॉइलच्या जोडावर लावला. बुडबुडे आले. मग मी मंगलला विचारलं, मलूल अळ्या फक्त खालच्या थाळ्यांत होत्या ना?

"खालच्याच. मी म्हनलं पाला चोळामोळा झाला आसंल."

पाल्याचा दोष नव्हता. हा गॅस हवेपेक्षा जड. पाझरला की खाली बसतो, घरात जमिनीवर बसतो तसाच. मांडणीच्या खालच्या दोन ओळी अळ्या त्यात बुडून राणीसावरगावपर्यंत गेल्या होत्या. वरच्या अळ्यांना नुसता प्रवास झाला.

हे सांगितल्यावर मंगल वाकून मांडणीची खालची ओळ बघायला लागली.  मग दिगंबररावांनी शेवटचा प्रयत्न केला. "आजच्या पुरता तेवढा भोक बुजवून ह्योच ठेवा. उद्याची खेप निघू दे. मंग बघू सावकाश."

मी म्हटलं, माझ्या दुकानातून गाडी या गॅसवर बाहेर जाणार नाही. ढकलत न्यायची असेल तर न्या.

"न्हाई," मंगल म्हणाली. "ताई, तुमी करा. पर उद्या सकाळी अळ्या निघायच्याच." मग नवऱ्याला म्हणाली, "तुमी इथंच थांबा. ताई सांगतेन ते उचला, सांगतेन ते धरा. बिडी दिसली तर मला फोन करा, ताई." आणि रिक्षा करून ती स्टेशनला गेली, कारण घरी कातीला बसलेल्या अळ्यांपाशी कुणीतरी जागं माणूस लागतं. जाताना तिनं कुणाला तरी फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं: "जाऊबाई, चहा पिलाव का?"

आम्ही गाडी ढकलत मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. बॅटरी सोडली. शेजारच्या चहावाल्याला स्टोव्ह बंद करायला लावला. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, या गाडीत सिलिंडर आहे. तो म्हणाला, "सीएनजी का?" मी म्हटलं, पोहे-उपमा. मग वाऱ्याची दिशा बघून तो सगळा गॅस हळूहळू सोडून दिला. अर्धा वसमत रोड त्या दिवशी घरी जाऊन गॅसचं बटण तपासून आला असेल.

गॅस बदलणं म्हणजे ज्वारीच्या डब्यात गहू ओतणं नाही. कॉम्प्रेसरला तेल लागतं, आणि ते तेल गॅसबरोबरच नळ्यांतून फिरतं. जुनं तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. सासरच्या लग्नात माहेरची माणसं जशी एका कोपऱ्यात जमून बसतात तसं ते कुठंतरी साचून बसतं, आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. म्हणून आधी सगळं जुनं तेल काढायचं, नळ्या धुवायच्या, नवं तेल घालायचं. प्रत्येक जोडाला रबराचं छोटं कडं असतं. जुनं कडं नव्या गॅसला अडवत नाही, म्हणून ती सगळी बदलायची. ओलावा शोषायला ड्रायर नावाची एक डबी असते, तीही बदलायची. या गाडीची डबी आता मिळत नाही, मी दुसऱ्या गाडीची जुळवून बसवली. गॅस भरायची तोंडंसुद्धा बदलायची, म्हणजे जुन्या पद्धतीचा पाइप तिथं बसतच नाही. पेडगावच्या हुशार माणसाची सोय मी त्या तोंडांनी बंद केली. वर बॉनेटच्या आत चिठ्ठी चिकटवायची रीत आहे, कुठला गॅस, किती, कधी. मी लिहिलं: 'एकशे चौतीस. स्वयंपाकाचा नव्हे.'

मग व्हॅक्यूम. म्हणजे पंप लावून नळ्यांतली हवा आणि पाण्याचा अंश ओढून काढायचा. हा भाग गिऱ्हाइकाला कधीच पटत नाही. काही उघडत नाही, काही वाजत नाही, पंप घरघरतो आणि बाई खुर्चीवर बसून चहा पिते. दिगंबरराव तीनदा उठून पंपाजवळ गेले.

"काय निघायलंय ह्यातून?"

"काहीच नाही."

"मंग कशाला काढायलाव?"

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

पंप बंद करून काटा तसाच राहतो का बघितलं. राहिला. म्हणजे पाझर बंद. मग नवा गॅस, जुन्यापेक्षा थोडा कमी, कारण जुन्या मापानं भरला तर दाब चढतो. गाडी चालू केली, काचा लावल्या, आत थर्मामीटर ठेवला.

आणि पारा एकतीसवर येऊन बसला. खाली उतरेना.

एकतीस डिग्री माणसाला स्वर्ग आहे. आमच्याकडं मे महिन्यात तेवढ्यासाठी माणसं बँकेत विनाकारण पासबुक भरायला जातात. पण अळीला ते चालत नाही.

दिगंबरराव काचेला नाक लावून थर्मामीटर वाचत होते. "माझ्या गॅसवर ह्याच्यापेक्षा गार व्हायचं," ते म्हणाले.

"व्हायचं," मी म्हटलं.

ते तसेच बघत राहिले. मी भांडेन अशी त्यांची अपेक्षा असावी. पण ते खरंच होतं. नवा गॅस जुन्या गाडीत नेहमी थोडा कमी पडतो. त्याला पुढच्या जाळीवर जास्त वारा लागतो, आणि जुन्या गाडीची जाळी लहान असते. या धंद्यात इतकी वर्षं गेली आणि तरी दर खेपेला मला असं वाटतं की मी चांगल्या चालणाऱ्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेऊन काठी घेऊन परत आणलं.

मी टॉर्च घेऊन जाळीत बघितलं. जाळी कुठं होतीच नाही. पेडगावच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्यांमागून फिरून फिरून तिच्यावर कापसाची एक गादी बसली होती, वर किडे, वर धूळ. गुबगुबीत, जवळजवळ झोपण्याजोगी. हमालानं ओझं बाहेर आणलं तरी टाकणार कुठं? दरवाजासमोरच गादी.

"ही कधी धुतली होती?"

"गाडी तर दर सोमवारी धुतो की."

"गाडी नाही. ही."

"ती आतली हाय ना?"

आम्ही ती साबणाच्या पाण्यानं, मागून पुढं, दोनदा धुतली. दिगंबररावांनी पाइप धरला, आणि चांगला धरला, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. मग भंगारातल्या एका गाडीचा पंखा काढून मी जाळीच्या पुढं जादाचा बसवला. ऊन कललं होतं, पण रस्ता अजून तापलेला. पुन्हा काचा लावल्या. पारा तीसच्या खाली गेला, मग अठ्ठावीस, मग सव्वीसवर जाऊन थांबला. गाडी उभी असताना मात्र तो परत वर सरकायचा, थोडाच, पण सरकायचा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला नुसता पंखा.

मी मंगलला फोन करून सगळं सांगितलं. चालती राहिली तर नेईल, फार वेळ उभी राहिली तर खात्री देत नाही.

ती म्हणाली, "मंग तुमी बसा सोबत. मला इथून हलता येत न्हाई, दुसरी तुकडी कातीला बसायली. आन् ह्यांच्या हातात परत कसलंच बटण द्यायचं न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मी गंगाखेड रोडला उभी राहिले. आठ वाजून गेले होते. थाळ्या हलक्या हातानं गाडीत चढवाव्या लागल्या होत्या, आणि कातीतल्या अळ्यांबाबत घाई करता येत नाही. गाडी आली. मागं मांडणीत थाळ्या, थाळ्यांवर ओलं सुती कापड, कारण अळीला गारव्याबरोबर ओलही लागते. मी मीटर घेऊन पुढं बसले. थर्मामीटर खालच्या थाळीपाशी ठेवला. सव्वीस.

दिगंबररावांनी मागं राहिलेलं बोलणं सुरू केलं. जाऊबाई आणि मंगल आता एकत्र चहा पितात आणि दोघी मिळून त्यांच्याशी बोलत नाहीत. पहिल्यापेक्षा हे वाईट, ते म्हणाले.

पुढं रेल्वेचं फाटक लागलं. बंद. मालगाडी यायची होती, आणि मालगाडीला वेळ नसते.

गाडी उभी राहिली. पुढं ट्रॅक्टर, मागं टेम्पो, ऊन चढलेलं. थर्मामीटर सत्तावीस. जादाचा पंखा घरघरत होता. मी बोटं मीटरवर ठेवून बसले होते, जणू धरून ठेवल्यानं काटा थांबतो. शेजारी मोटरसायकल येऊन थांबली. त्यावर एक माणूस, डोक्याला टॉवेल, मागं एक म्हातारे गृहस्थ छत्री धरून. त्या माणसानं काचेतून आत वाकून बघितलं आणि काचेवर टकटक केलं. दिगंबररावांनी काच खाली करायला हात नेला. मी हात धरला. ते काचेतूनच ओरडले, "अळ्या हायत."

"काय?"

"रेशमाच्या अळ्या."

"एसीत?"

"हाव."

त्यानं मान वळवून मागच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, "बापू, अळ्या एसीत जायल्यात."

म्हातारे छत्री जराशी वर करून म्हणाले, "मंग मला बी थाळीत घाल म्हनावं."

मालगाडी आली. ती किती डब्यांची होती ते मी मोजलं नाही, पण ती फार डब्यांची होती. पारा चढत चढत अठ्ठावीसच्या जरा अलीकडं थबकला. तिथंच राहिला. पंखा चालत होता. फाटक उघडलं, ट्रॅक्टर एकदाचा हलला, वारा लागला, आणि नदीचा पूल ओलांडेपर्यंत परत सव्वीस.

राणीसावरगावला शेडपाशी गयाबाई वाट बघत होत्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, पदर खोचलेला. त्या गावातला रेशमाचा निकाल त्याच लावतात, बाकीचे त्यांच्या तोंडाकडं बघतात. मागच्या खेपेच्या मलूल अळ्या त्यांच्याच शेडला उतरल्या होत्या. त्यांनी आम्हाला या-बसा म्हटलं नाही. सरळ खालची थाळी ओढली, कापड बाजूला केलं आणि थाळीला नाक लावलं.

"ह्या खेपेला वास न्हाई," त्या म्हणाल्या.

"मागच्या खेपेला होता?" मी विचारलं.

"हुता की. गॅसचा. मी म्हनलं मंगल अळ्या शिजवून पाठवायली का काय."

दिगंबररावांनी परत टायर बघायला सुरुवात केली.

गयाबाईंनी चिरलेला पाला थाळीत एका कडेला पसरला आणि उकिडव्या बसल्या. आम्हीही बसलो. अळ्या काळपट, बोटाच्या पेरापेक्षा लहान, निपचित. काही होत नव्हतं.  मी माझं काम केलं होतं, हवा सव्वीस होती, जोड कोरडे होते. पण यातलं एकही अळीला सांगता येत नाही. तिनं उठायचं ठरवलं तरच.

मग कडेच्या एकीनं डोकं उचललं. हवेत इकडंतिकडं फिरवलं, अंधारात दिव्याचं बटण चाचपडतात तसं. आणि पाल्यावर चढली. तिच्यामागून दुसरी. मग सगळी कडच हलली.

गयाबाईंनी सगळ्यात खालची थाळी काढली. तिथंही पाला पसरला. तिथंही चढल्या. त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या.

"मंगलला सांगा, पुढची खेप बी हितंच आणा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमी कोन, तिची बहीन का?"

"एसीवाली," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या आणि पाला चिरायला आत गेल्या.

दिगंबररावांनी मंगलला फोन लावला आणि निरोप सांगितला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन खिशात ठेवताना त्यांचा चेहरा जरा सुटला होता. रिकाम्या थाळ्या त्यांनी मांडणीत रचल्या. आम्ही निघालो. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, डांबर चकाकत होतं. गावाबाहेर पडलो आणि दिगंबररावांनी काच खाली केली. भट्टीचं दार उघडावं तशी हवा आत आली. त्यांनी हात लांब करून एसी बंद केला.

मी विचारलं, हे काय?

"गाडी वढती ना, ताई, एसीवर. पेट्रोल लय खाती," ते म्हणाले. "आन् आता आत हाय तरी कोन?"

"मी आहे," मी म्हटलं.

मी त्यांना काच वर करायला लावली, बटण शेवटपर्यंत फिरवलं, डॅशबोर्डवरची वाऱ्याची जाळी माझ्याकडं वळवली आणि गंगाखेड येईपर्यंत झोपले.